गळाची विद्या

राज्ये, लढाया आणि तह यांचा इतिहास आपण पुष्कळ लिहिला. परंतु माणसाने आपली फुरसत कशी घालविली, याचा इतिहास त्या मानाने थोडाच लिहिला गेला आहे. म्हणून एखाद्या करमणुकीचे मूळ कोठे असा प्रश्न निघाला, म्हणजे आपण पहिले बोट इंग्रजांकडे दाखवितो. काठी व गळ घेऊन नदीकाठी तासन् तास बसणे हेही असेच एक साहेबी व्यसन मानले जाते. कोळी मासे धरतो तो पोटासाठी, साहेब धरतो तो मौजेसाठी, आणि आपण पांढरपेशे या दोहोंतही नाही, अशी ही समजूत आहे. ती इतिहासाला धरून नाही. आणि तिच्यामुळे आपले मोठे नुकसान झाले आहे, असे आम्हांस वाटते.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याला ‘भूलोकमल्ल’ म्हणत, याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात राज्य केले. हे कल्याणी म्हणजे भिवंडीशेजारचे कल्याण नव्हे. ते बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण होय. भिवंडीच्या मुलुखावर त्या वेळी ठाण्याचे शिलाहार नांदत होते. सोमेश्वराने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मराठीच्या बाल्यावस्थेतील काही ओळी आढळतात, म्हणून आपल्या वाङ्मयेतिहासात त्याचे नाव आदराने घेतले जाते. परंतु त्या ओळी टिपून घेतल्यावर ग्रंथाची पुढची पाने उलटण्याची तसदी आपण क्वचितच घेतली. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत श्रीगोंदेकरांनी त्याचे तीन खंड १९२५, १९३९ व १९६१ या साली छापून आणले. त्यातील विनोदांच्या प्रकरणात, म्हणजे राजाच्या करमणुकींत, ‘मत्स्यविनोद’ नावाचा एक अध्याय आहे. त्याचे महत्त्व प्रथम नीट ओळखले ते भाषापंडिताने नव्हे, तर सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञाने, १९५१ साली.

या अध्यायात राजा माशांची वर्गवारी करतो: समुद्रातले व नदीतले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे, मोठे, मध्यम व लहान. मग कोणत्या माशाला कोणता चारा घालून माणसाळवावे हे सांगतो. आणि त्यानंतर दोर, काठी व गळ यांच्याकडे वळतो. इंग्रजीतील गळाच्या मासेमारीवरील पहिले पुस्तक छापले गेले १४९६ साली, आणि आयझॅक वॉल्टनचे जगप्रसिद्ध पुस्तक निघाले १६५३ साली. सोमेश्वर या दोहोंच्याही शतकानुशतके आधीचा. परंतु केवळ वडिलपणाची फुशारकी मारण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. आम्हांस विशेष वाटतो तो त्याचा क्रम. आधी मासा ओळखा, मग त्याची भूक ओळखा, आणि शेवटी गळ हाती घ्या.

हाच क्रम भिवंडीच्या खाडीकाठी आजही खरा ठरतो. राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी उल्हास काळू व भातसा यांचे पाणी पोटात घेऊन कल्याणास येते, आणि पुढे वसईच्या खाडीने समुद्रास मिळते. भिवंडीची कामवारीही याच खाडीत उतरते. या पाण्यांचा मानाचा मासा म्हणजे जिताडा. इंग्रजीत त्याला ‘सी-बास’ म्हणतात. मात्र अमेरिकन लोक ज्याच्या मागे वेडे होतात तो गोड्या पाण्यातला बास निराळ्या कुळातला. जिताडा नदी व समुद्र या दोन्ही घरचा आहे. पावसाळ्याच्या सुमारास तो अंडी घालण्यासाठी नदीच्या मुखाकडे उतरतो. पिले तिवरांच्या आडोशाला वाढतात व पुढे नदीत वर चढतात.

अशा रुंद पाण्यावर नवखा मनुष्य बावरतो. एवढ्या पाण्यात मासा कोठे शोधावा? मिसिसिपीसारख्या महानदीवर बास किंवा वॉलआय धरू पाहणाऱ्याला तेथे पहिला धडा मिळतो तो असा, की सबंध नदी पाहू नये. प्रवाह जेथे मोडतो ती जागा पाहावी, कारण मासा तेथे विसावा घेतो आणि वाहत येणारे भक्ष्य टिपतो. आपल्या खाडीवरही तेच आहे. जिताडा पुलाच्या खांबाच्या सावलीत, बुडालेल्या खोडाशी, तिवरांच्या मुळांशी दबा धरून राहतो, आणि भरती-ओहोटी फिरते त्या वेळी कोळंबीवर किंवा बोयटावर झडप घालतो. त्याच्या कल्ल्यांवरील झाकणाची कड इतकी धारदार असते, की बारीक दोर सहज कापला जातो. उधाण केव्हा व भांग केव्हा, पाणी कोठे फिरते, हे ज्याला कळत नाही त्याने कितीही महागडी काठी आणली तरी ती केवळ हाताला ओझे होय.

हे ज्ञान राजाच्या ग्रंथात एकदा आले, परंतु नित्य जिवंत राहिले ते कोळ्यांच्या व आदिवासींच्या हाती. पहिल्या पावसात मासे ओढ्यांतून भातखाचरांत चढतात, त्याला ठाणे-कुलाब्याकडे ‘वलगण’ म्हणतात. या एका शब्दात जितके मत्स्यशास्त्र आहे तितके पुष्कळ पाठ्यपुस्तकांत नसेल. परंतु ज्याने मासा धरला त्याला लिहिता येत नव्हते, आणि ज्याला लिहिता येत होते त्याला मासा धरणे हलके वाटत होते. आमच्या मते आपले नुकसान झाले ते येथे.

इंग्रजांनी ही दरी थोडीफार भरून काढली. दक्षिण कानड्यात कलेक्टर असलेल्या हेन्री सलिव्हन टॉमस याने १८७३ साली हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिले, आणि उपशीर्षकातच शिकारीच्या सूचनांबरोबर माशांच्या निसर्गेतिहासाची ग्वाही दिली. त्यानंतर थोड्याच वर्षांत फ्रान्सिस डे याचा हिंदी माशांवरील सचित्र ग्रंथ पुरा झाला. सुरुंगाने किंवा विष कालवून मासे मारण्यास बंदी करणारा कायदा १८९७ साली झाला. मासा ओळखण्यापासून मासा राखण्यापर्यंत मजल अशी एका पिढीत गेली.

राखण्याचा हा प्रश्न जिताड्याच्या बाबतीत फार नाजूक आहे. हा मासा प्रथम नर असतो, आणि काही वर्षांनी वाढून मादी होतो. म्हणजे ज्या अजस्र जिताड्याबरोबर छायाचित्र काढून घेण्याची हौस असते, ती बहुधा हजारो पिलांची आई असते. नवख्याने मोठा मासा सोडून द्यावा व मध्यम आकाराचा घरी न्यावा, हे शिकारीच्या अभिमानास रुचणारे नसले तरी नदीच्या हिताचे आहे.

परंतु एकट्या गळकऱ्याने संयम पाळून काय होणार? यंत्रमागांनी भिवंडीस भाकरी दिली. पण शहराचे सांडपाणी व कारखान्यांचा मैला यांनी कामवारीचे पाणी काळे केले. उल्हास आणि वालधुनी यांच्या प्रदूषणाचे गाऱ्हाणे राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. नदीवर बंधारा पडला म्हणजे वर चढणाऱ्या पिलांची वाट अडते. आणि पाण्यातला प्राणवायू संपला म्हणजे वाट मोकळी असूनही ती चढत नाहीत. नदीला आपण गटार म्हणू लागलो, त्याचे एक कारण असे, की तिच्यात काय जगते हे आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक होते. ज्याने तिच्या काठी चार ऋतू गळ टाकून काढले आहेत, त्याच्या तोंडी तो शब्द इतक्या सहज येत नाही.

म्हणून कॉलेजातील तरुणांनी हा छंद धरावा असे आम्हांस मनापासून वाटते. मत्स्यविनोदाचा अध्याय त्यांनी जरूर वाचावा. पण तो खाडीकाठच्या एखाद्या वृद्ध कोळ्याला सोबत घेऊन वाचावा. सोमेश्वराने दिलेल्या संस्कृत नावांपैकी कोणते नाव कोणत्या माशाचे, हे ठरविताना त्या कोळ्याची साक्ष कोशापेक्षा अधिक उपयोगी पडण्याचा संभव आहे. मात्र ही साक्ष नोंदवून घेण्यास अवधी फार नाही. तो वृद्ध ज्यांना नावाने ओळखतो, त्यांतले कित्येक मासे त्याच्या नातवाने पाहिलेलेच नाहीत.