धुरात हरवलेली मुले

वणवा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ज्वाळा येतात. परंतु १९९७ साली इंडोनेशियात पेटलेल्या वणव्यांचा खरा घात धुराने केला, आणि त्यात किती लेकरे गेली याचा हिशेब लागायला बारा वर्षे जावी लागली.

बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियाकडील भागास कालीमंतान म्हणतात. तेथील दलदलीची जमीन म्हणजे हजारो वर्षे पाण्यात साचलेला, अर्धवट कुजलेला पालापाचोळा. कोठे कोठे त्याचा थर कित्येक मीटर खोल. ओला आहे तोवर तो पेटत नाही. १९९६ साली सुहार्तो सरकारने दहा लाख हेक्टर दलदल भाताखाली आणण्याचे काम काढले, हजारो किलोमीटरांचे कालवे खणले आणि पाणी वाहून जाऊ दिले. भात काही पिकला नाही. जमीन मात्र सरपणासारखी वाळली. पुढल्याच वर्षी एल निनोमुळे पावसाने दगा दिला. जंगल साफ करण्यासाठी मळेवाल्या कंपन्यांनी व शेतकऱ्यांनी लावलेली आग जमिनीखाली शिरली आणि महिनोन्‌महिने धुमसत राहिली. तिकडे सुमात्राही पेटला होता. सप्टेंबरात शेजारच्या मलेशियातील सारावाक प्रांतात आणीबाणी पुकारावी लागली. हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक ३०० च्या वर गेला की धोका समजतात. तेथील कुचिंग शहरी तो ८०० च्या वर गेला.

या धुरातले कण इतके बारीक, की केसाच्या जाडीत असे तीसएक कण ओळीने मावतील. तोंडावर बांधलेला ओला रुमाल त्यांना अडवीत नाही. ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, तेथे दाह होतो; दमेकऱ्यास धाप लागते, म्हाताऱ्याच्या हृदयावर ताण येतो.

पण मृत्यूच्या दाखल्यावर ‘धूर’ असे कोणी लिहीत नाही. न्युमोनिया लिहितात, हृदयविकार लिहितात. भरपाईचे दावे लढताना मी हे पुष्कळ पाहिले आहे: कापसाच्या धुळीने छाती गेलेला कामगार कागदोपत्री जुन्या खोकल्याने मेलेला असतो.

मग हा हिशेब लागला कसा? सीमा जयचंद्रन या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी इंडोनेशियाची २००० सालची खानेसुमारी घेतली, उपग्रहांनी टिपलेला धूर तिच्याशी ताडून पाहिला आणि कोणत्या महिन्यांत जन्मावयाची मुले कोठे कमी भरतात ते शोधले. २००९ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. गर्भातली आणि जन्मलेली मिळून १५,६०० हून अधिक मुले गेली, असा त्यांचा अंदाज. आईला शेवटचे महिने चालू असताना जेथे धूर आला तेथे ही घट विशेष दिसली, आणि गरीब वस्त्यांत ती फारच मोठी होती.

भाताची ती योजना १९९९ साली गुंडाळली गेली. बरेचसे कालवे मात्र पाणी ओढीतच राहिले, आणि २०१५ साली त्याच वाळल्या जमिनीतून पुन्हा धूर निघाला.