क्रुम्बिगेल : एका जर्मन आडनावाची कथा

बंगळुरास लालबाग पाहावयास गेलेल्या प्रवाशाला बागेच्या शेजारच्या एका रस्त्याचे नाव वाचताना थोडे अडखळावे लागते. नाव आहे क्रुम्बिगेल रस्ता. ते कानडी नाही, इंग्रजीही नाही. ते एक जर्मन आडनाव आहे आणि जर्मनीतसुद्धा ते विरळाच आढळते. तिकडे म्यूलर म्हणजे पिठाची गिरणी चालविणारा आणि श्मिट म्हणजे लोहार. ही आडनावे गावोगाव सापडतात. क्रुम्बिगेल मंडळींचे घर मात्र मुख्यत्वे सॅक्सनी प्रांतात आणि त्याच्या आसपास आहे. लाइपझिग येथे 1966 साली जन्मलेल्या सेबास्टियान क्रुम्बिगेल या गायकामुळे आजच्या जर्मनांना हे नाव परिचित झाले, एवढेच.

या नावाचा अर्थ काय? जर्मनीत आडनावांची चाल बाराव्या शतकापासून हळूहळू रूढ होत गेली. कोणी बापाच्या नावावरून ओळखला जाई, कोणी धंद्यावरून, कोणी अंगच्या एखाद्या खोडीवरून, आणि कोणी आपल्या घराच्या जागेवरून. क्रुम्बिगेल हे या शेवटच्या जातीचे नाव आहे. त्याच्या पूर्वार्धाविषयी वाद नाही. ‘क्रुम’ म्हणजे वाकडे. उत्तरार्ध मात्र दोन प्रकारे लावता येतो. जुन्या जर्मन भाषेत ‘ब्यूहेल’ म्हणजे टेकडी, आणि सॅक्सनीच्या बोलीत ‘यू’चा उच्चार ‘ई’कडे झुकतो. म्हणून ‘वाकड्या टेकडीजवळ राहणारा’ असा एक अर्थ निघतो. दुसरीकडे, ‘बीगेल’ असाही एक जुना शब्द आहे व त्याचा अर्थ कोपरा. तो धरला, तर ‘वाकड्या कोपऱ्यावरचा’ असा अर्थ होतो. माझा स्वतःचा कल टेकडीकडे आहे. परंतु मराठी माणसाला या वादाची फारशी अडचण पडू नये. टेकडी मानली, तर क्रुम्बिगेल म्हणजे आपले टेकाडे. कोपरा मानला, तर वळणाला आपण वाकण म्हणतो, तेव्हा झाले वाकणकर!

बंगळूरचे क्रुम्बिगेल म्हणजे गुस्टाव हेर्मान क्रुम्बिगेल. यांचा जन्म 1865 साली ड्रेस्डेनजवळच्या लोहमेन या गावी झाला. त्या मुलखात वालुकाश्माचे वेडेवाकडे सुळके जागोजागी उभे आहेत, आणि असे आडनाव अशाच भूमीत रुजावे यात नवल नाही. बागकामाचे शिक्षण त्यांनी पिल्निट्सच्या राजवाड्यातील उद्यानात घेतले. पुढे ते इंग्लंडात गेले. लंडनच्या हाइड पार्कमध्ये व नंतर क्यू येथील जगप्रसिद्ध वनस्पतिउद्यानात त्यांनी काम केले.

तेथून हे नाव हिंदुस्थानात आले ते एका मराठी संस्थानिकाच्या पदरी. 1893 साली क्रुम्बिगेल बडोद्यास आले. सयाजीराव गायकवाड हे गुणी माणसे जमविणारे राजे होते. त्यांच्याच राज्यात अरविंद घोषही याच वर्षी चाकरीस लागले. सॅक्सनीच्या खेड्यातील या आडनावाचा उच्चार हिंदी भूमीवर प्रथम ज्यांच्या जिभेवर घोळला असेल, त्यांत बडोद्याच्या दरबारातील मराठी कारकून असलेच पाहिजेत. त्यांनी त्याचे काय केले असेल, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी!

1908 साली म्हैसूरच्या कृष्णराज वडियारांच्या राज्यात त्यांच्याकडे लालबागेची व्यवस्था आली. हैदर अलीने 1760 साली घातलेली ही बाग. तिच्यातील खडकाळ टेकडी पृथ्वीवरील अतिप्राचीन पाषाणांपैकी एक असून तिचे वय तीनशे कोटी वर्षांच्या आसपास सांगतात. वाकड्या टेकडीचे नाव धारण करणाऱ्या माणसाला ही टेकडी मिळावी, हा योगायोग मजेचा खरा. क्रुम्बिगेलांनी बागेचा विस्तार केला, परदेशांतून नाना जातींची झाडे आणवली, आणि बंगळूरच्या रस्त्यांवर अशा क्रमाने वृक्ष लावविले की एकाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा. या शहराला उद्याननगरी हे नाव ज्यांच्या हातांनी मिळाले, त्यांत हे हात प्रमुख होते.

पण आडनाव ही केवळ कौतुकाची वस्तू नसते. 1914 साली महायुद्ध पेटले आणि ब्रिटिशांच्या मुलखात जर्मन आडनाव हाच संशयाचा पुरावा ठरू लागला. हिंदुस्थानातील अनेक जर्मनांची त्या काळी आपल्या अहमदनगरच्या छावणीत रवानगी झाली. विलायतेत तर ही लाट थेट सिंहासनापर्यंत पोहोचली. 1917 च्या जुलै महिन्यात पंचम जॉर्ज बादशहाने आपल्या घराण्याचे सॅक्स-कोबर्ग-गोथा हे जर्मन नाव टाकून विंडसर हे नाव घेतले. टाकलेल्या नावातील ‘सॅक्स’ म्हणजे सॅक्सनीच, हे येथे ध्यानात घ्यावे. त्याच वेळी राजघराण्याच्या आप्तांपैकी बॅटनबर्ग कुटुंबाने आणखी सोपी युक्ती केली. जर्मन ‘बर्ग’ म्हणजे डोंगर. त्याचे इंग्रजी ‘माउंट’ करून त्यांनी तो शब्द पुढे आणून बसविला, आणि बॅटनबर्गचे माउंटबॅटन झाले. तीस वर्षांनी त्याच घराण्यातील पुरुष हिंदुस्थानचा अखेरचा व्हाइसरॉय होऊन दिल्लीत उतरला, तेव्हा त्याच्या नावात एक जर्मन डोंगर भाषांतरित होऊन बसलेला आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात आले असेल.

ब्रिटिशांच्या देखरेखीखालील संस्थानात नोकरी करणाऱ्या माळ्याला हाच मार्ग मोकळा होता. क्रुम्बिगेलांच्याही नावाची टेकडी इंग्रजीत फिरविणे कठीण नव्हते. बादशहाला जे बदलावेसे वाटले, ते त्याच्या मांडलिक राज्यातील या उद्यानपालाने बदलले नाही. 1932 साली निवृत्त होईपर्यंत, आणि पुढे दुसऱ्या महायुद्धातही, ते क्रुम्बिगेलच राहिले.

त्या दुसऱ्या युद्धाच्या सुमारास आणखी एक जर्मन आडनाव बंगळुरात आले. नाझींच्या छळामुळे मायदेशाला मुकलेले वास्तुशास्त्रज्ञ ऑटो क्योनिग्सबर्गर 1939 साली म्हैसूर संस्थानात मुख्य वास्तुविशारद झाले. क्योनिग्सबर्ग म्हणजे राजाचा डोंगर, तेव्हा मराठीत यांना राजगडकर म्हणावयास हरकत नाही. ते पुढे 1951 साली लंडनला गेले. क्रुम्बिगेल मात्र कोठेच गेले नाहीत. 8 फेब्रुवारी 1956 रोजी बंगळुरातच त्यांचे देहावसान झाले आणि होसूर रस्त्यावरील दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली.

लालबागेत त्यांच्या नावाचे एक जुने सभागृह होते. ते दुर्लक्षामुळे जीर्ण होत होत 2017 साली जमीनदोस्त झाले. ज्या शहराने त्यांच्या झाडांची सावली एवढी उपभोगली, त्याला एक छप्पर राखता येऊ नये, याचे वाईट वाटते. रस्त्याला दिलेले नाव मात्र टिकले आहे. एखाद्या जागेवरून माणसाला मिळालेले नाव काही शतकांनी फिरून एका जागेलाच मिळाले. रोजच्या वापरात त्याची जर्मन अक्षरे मात्र झिजली आहेत. ‘बिगेल’ जाऊन ‘बिगल’ झाले, आणि फलकांवरही हे रूप दिसते. ‘क्रुम्बिगल’ असे ऐकले की मुदगलसारखे एखादे कानडी गावच असावे असे वाटते. कानडीत ‘कल्लु’ म्हणजे दगड, आणि समासात त्याचा ‘गल्लु’ होतो.