सहलीचे विमान, पण कुणाच्या सहलीचे?

1937 साली जर्मनीतल्या हाले शहरात एक देखणे दोन इंजिनी प्रवासी विमान उडाले : वैमानिक आणि चार उतारू. आराखडा क्लेम कंपनीचा, बांधणी झीबेलची. नाव ‘हालोरे’, म्हणजे त्या गावचे मिठागरवाले. नाव मिठासारखेच निरुपद्रवी! पण दुसरे महायुद्ध लागताच याच विमानातून केसेलरिंगसारखे जर्मन सेनापती हिंडू लागले. माझ्या मते अशा विमानांना ‘नागरी’ म्हणणे ही केवळ सोय होती. कुणी म्हणेल, त्यावर बंदूक नव्हती. शिवाय इंग्रजांनीही आपली प्रवासी विमाने सैन्यात घेतलीच. खरे आहे. परंतु इथे फरक पुढच्या पिढीत दिसतो. त्याच घराण्यातले, 1941 मध्ये उडालेले ‘झीबेल 204’ लुफ्तहान्झा या विमान कंपनीसाठी आठ उतारूंचे छोटे विमान म्हणून योजले होते. त्याच्या ‘डी’ आवृत्तीला काचेचे नवे नाक बसले आणि त्यात लष्करी वैमानिक केवळ उपकरणांवर विसंबून उडायला शिकले. त्याची बांधणीही मुख्यतः व्याप्त फ्रान्स आणि चेकोस्लोव्हाकियातल्या कारखान्यांवर लादली गेली. युद्ध संपल्यावर फ्रेंचांनी तेच विमान ‘मार्तिने’ या नावाने स्वतःसाठी बांधणे चालू ठेवले.