यंत्र-अध्ययन

यंत्र-अध्ययन : नियम आगाऊ लिहून न देता, उदाहरणांवरून ते संगणकाकडूनच काढवून घेण्याची पद्धती. या पद्धतीची एक प्रेरणा जीवशास्त्रातून आली : मांजराच्या मेंदूच्या दृक्-बाह्यकातील काही पेशी विशिष्ट कलाच्या रेषांनाच प्रतिसाद देतात, हे ह्यूबेल व वीझेल यांनी १९५९ मध्ये दाखविले; त्या धर्तीवर फुकुशिमा यांनी १९८० मध्ये ‘निओकॉग्निट्रॉन’ हे चेताजाल (चेतापेशींच्या नमुन्यावरची गणनरचना) रचले, आणि १९८९ मध्ये बेल प्रयोगशाळेत लकून व सहकाऱ्यांनी अमेरिकी टपालावरील हस्तलिखित अंक वाचणारे चेताजाल सिद्ध केले; तथापि चित्रे ओळखण्याच्या २०१२ च्या इमेजनेट स्पर्धेत ॲलेक्सनेट या चेताजालाने, प्रतिस्पर्ध्याच्या २६.२ टक्के चुकांसमोर केवळ १५.३ टक्के चुका करून दाखवीपर्यंत, बहुतेक दृष्टिसंशोधकांनी या मार्गाकडे पाठच फिरविली होती. जीवशास्त्राचे हे ऋण २०२० मध्ये सव्याज फिटले : ॲमिनो अम्लांच्या क्रमावरून प्रथिनाचा त्रिमितीय आकार ‘अल्फाफोल्ड’ हे चेताजाल विलक्षण अचूकपणे वर्तवू लागले, व त्याबद्दल त्याचे कर्ते हसाबिस आणि जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा हिस्सा मिळाला (१९७१ पासून स्फटिकशास्त्रज्ञांनी चिकाटीने राखलेले प्रथिनरचनांचे दप्तर नसते, तर हे यंत्र शिकले कशावरून असते?). संगणकांना जोडणाऱ्या जालांच्या क्षेत्रात मात्र यंत्र-अध्ययनाचे यश माफक आहे. माहितीची कोंडी टाळण्याचे नियम संगणकाकडूनच शोधविणारी ‘रेमी’ प्रणाली एम.आय.टी.त २०१३ मध्ये झाली. परंतु गृहीत धरलेल्या मर्यादांबाहेरच्या जालावर तिचे नियम डळमळतात.