कच्चा संघ



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग कापूस वेचणीची गडबड, मग पाहुणे. आज जरा निवांत आहे. विषय कबड्डीचा आहे. नातेवाईक मंडळी म्हणतील, सरांनी आयुष्यभर व्याकरण शिकवलं, आता हे काय काढलं? पण त्याला कारण घडलं.

गेल्या महिन्यात आमच्या दुसरबीडच्या पोरांचा संघ शेजारच्या एका गावी खुल्या स्पर्धेला गेला आणि पहिल्याच फेरीत हरून परत आला. हरला तोही वाईट. मैदानात उतरलेल्या सातांपैकी चौघं अकरावी-बारावीतली पोरं. मोठ्या स्पर्धेत उतरायची त्यांची ही पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी हॉटेलावर चहा पिताना ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. "काहून नेले हे पोट्टे? गावाचं नाव घालवलं." संध्याकाळी मंडळाचा सचिव घरी आला. माझाच जुना विद्यार्थी. म्हणाला, "सर, लोकं म्हणतात पुढच्या वेळेस बाहेरचे तीन-चार गडी पैसे देऊन आणा, अन् या लेकरांना बसवा. वर्गणी देणारेच म्हणतात, तर काय करावं?"

मी त्याला म्हटलं, दोन दिवसांनी सांगतो. दोन दिवसांचे आठ दिवस झाले. हा लेख म्हणजे त्याला दिलेलं उत्तरच समजा.

थोडं मागे जाऊ. आमच्या लहानपणी कबड्डी हा शब्द शाळेत, पण नदीच्या वाळूत हुतूतूच. खडकपूर्णेच्या काठी आम्ही खेळायचो. बंगालमध्ये ह्यालाच हाडूडू म्हणत, तमिळ मुलखात चेडुगुडु. ह्या गावरान खेळाला नियमांत बसवलं ते बरंचसं आपल्या मराठी माणसांनी. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने 1923 मध्ये नियम ठरवून स्पर्धा घेतली. आणि आपल्या वऱ्हाडाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी ज्यांनी हा खेळ साऱ्या जगाला करून दाखवला, ती पोरं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची होती. पुढे 1990 मध्ये बीजिंगच्या एशियाडमध्ये कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून जागा मिळाली आणि तिथपासून 2014 पर्यंत पुरुषांचं सुवर्ण सातही वेळा भारतानेच आणलं.

जुन्या हुतूतूचे तीन प्रकार होते. अमर, गामिनी आणि संजीवनी. अमरमध्ये बाद झालेला गडी मैदान सोडतच नसे, समोरच्याला फक्त गुण मिळे. गामिनीत एकदा बाद झाला की गेला. सगळा संघ बाद होईपर्यंत तो बाहेरच. संजीवनीत बाद झालेला गडी रेषेबाहेर बसतो, आणि आपल्या गड्याने समोरचा एक मारला की हा एक उठून आत येतो. आजची कबड्डी आहे ती संजीवनीची. हे तिन्ही शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता मुद्द्याकडे येतो. 26 जुलै 2014 ला मुंबईत प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि कबड्डी हा पोटापाण्याचा धंदा होऊ शकतो हे खेड्यातल्या पोरांना पहिल्यांदा दिसलं. महाराष्ट्राचे दोन संघ होते. यू मुंबाने 2015 मध्ये अजिंक्यपद मिळवलं. आपला पुण्याचा संघ, पुणेरी पलटण, मात्र पहिल्या दोन्ही हंगामांत आठांपैकी आठवा! नाव पलटण आणि कामगिरी ही, म्हणून आम्ही इकडे हसायचो. मधे काही वर्षं बरी गेली, पण करंडक काही आला नाही. नावाजलेले खेळाडू आणून झाले. 2019 मध्ये भारताचा माजी कर्णधार अनुप कुमार प्रशिक्षक झाला, तरी संघ बारांत दहावा.

इथे व्यवस्थापनाला सहज वाटलं असतं की सगळं मोडून नव्याने मांडावं. 2020 मध्ये करोनामुळे स्पर्धाच झाली नाही. 2021 च्या डिसेंबरात झाली ती बंगळुरूमध्ये, सगळे सामने एकाच ठिकाणी, प्रेक्षकांविना. त्या वर्षी राहुल चौधरी, नितीन तोमर अशी गाजलेली नावं पुण्याकडे होती. पण हंगाम पुढे सरकत गेला तसा चढाईचा भार येऊन पडला तो अस्लम इनामदार आणि मोहित गोयत ह्या दोन अगदी नव्या पोरांवर. अस्लम आपल्या नगर जिल्ह्यातला (आता अहिल्यानगर म्हणायचं), मोहित हरियाणाचा. दोघांचाही तो पहिलाच हंगाम. ती पोरं चुकली, सामने गेले, पण त्यांना बसवलं नाही. संघ कसाबसा सहावा येऊन बाद फेरीत गेला आणि तिथे उत्तर प्रदेशच्या संघाकडून 42-31 असा हरला.

पुढच्या वर्षी प्रशिक्षक बदलला. अनुप कुमारच्या जागी बी. सी. रमेश आले, ज्यांनी 2019 मध्ये बंगालच्या संघाला अजिंक्यपद मिळवून दिलं होतं. म्हणजे धीर धरला म्हणून काहीच बदललं नाही असं नाही. पण पोरं तीच ठेवली. त्यांच्या पाठीशी एक वडीलधारा असावा म्हणून इराणचा फजल अत्राचली 1 कोटी 38 लाखांना घेतला आणि कर्णधार केला. 2022 च्या त्या हंगामात संघ साखळीत दुसरा आला आणि पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोहोचला. नेमका अस्लम दुखापतीने बाहेर. 17 डिसेंबरला मुंबईत जयपूरने 33-29 असं हरवलं. चार गुणांनी!

आपल्या गावात असं झालं असतं तर काय बोलणं झालं असतं, ते मी लिहायला नको.

आणि नंतर त्यांनी काय केलं पाहा. फजल गुजरातच्या संघात गेला आणि कर्णधारपद दिलं अस्लमला. विशी ओलांडून फार वर्षं न झालेल्या पोराला. बरोबर पंकज मोहिते, मोहित, आकाश शिंदे, अभिनेश नादराजन, गौरव खत्री, संकेत सावंत ही जुनी होत चाललेली तरुण मंडळी. बाहेरून आणला तो इराणचा मोहम्मदरेझा शादलुई, 2 कोटी 35 लाखांना. गंमत म्हणजे 7 ऑक्टोबर 2023 ला हांगझोच्या एशियाडच्या अंतिम सामन्यात भारताने इराणला 33-29 हरवलं, तेव्हा अस्लम आणि आकाश भारताकडून होते आणि शादलुई समोर. दोन महिन्यांत तिघं एकाच पलटणीत.

त्या डिसेंबरात मी पुण्याला लेकीकडे गेलो होतो. नातवाने बालेवाडीला सामना पाहायला नेलं. मला वाटलं होतं नुसता गोंगाट असेल. गोंगाट होताच. पण मी पाहत होतो ते वेगळंच. एक पोरगा चढाईत पकडला गेला, मान खाली घालून बाहेर येऊन बसला. जवळच्याने पाठीवर हात ठेवला, काही बोलला नाही. दोन मिनिटांनी आत गेला आणि तिसऱ्या, म्हणजे करो या मरो चढाईला, पुन्हा त्यालाच पाठवलं. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही टाळ्या का नाही वाजवत?" माझं लक्षच नव्हतं. मी माझ्या शाळेच्या मैदानावर पोहोचलो होतो.

तो हंगाम तुम्हाला माहीत असेल. साखळीतल्या 22 सामन्यांपैकी 17 जिंकले, 3 बरोबरीत, हरले फक्त 2. गुण 96. उपांत्य सामन्यात पाटण्याला 37-21. आणि 1 मार्च 2024 ला हैदराबादला हरियाणाविरुद्ध 28-25. त्यात पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणले. हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू अस्लम. दहाव्या हंगामात पहिलं अजिंक्यपद.

पण गोष्ट इथे संपवली तर ती खोटी होईल. पुढच्याच हंगामात अस्लमला दुखापत झाली आणि गतविजेत्यांना बाद फेरीसुद्धा गाठता आली नाही. त्यानंतर 2025 मध्ये अजय ठाकूरच्या हाताखाली बरीचशी हीच पोरं परत अंतिम सामन्यात गेली आणि 31 ऑक्टोबरला दिल्लीकडून 31-28 अशी हरली. म्हणजे धीर धरला की करंडक मिळतोच, असा काही हिशेब नाही. चार वर्षांत तीन वेळा अंतिम सामना, त्यातला एक हातात. एवढंच. पण ज्या पोरांना पहिल्या वर्षी कोणी ओळखत नव्हतं ती आज खेळाडू आहेत, ही मला करंडकापेक्षा मोठी गोष्ट वाटते.

आता ते शाळेचं मैदान. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. घरीही फारसं बोललो नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. मी मराठीचा शिक्षक, पण खेळाच्या तासाला माणूस नाही म्हणून कबड्डीचा संघ माझ्याकडे. नववीतला एक पोरगा होता, हडकुळा, पण पाय असे की हरणाने बघत राहावं. तालुक्याच्या सामन्यात शेवटची चढाई त्याची. एका गुणाने मागे होतो. गडबडीत कोणालाही न शिवता त्याचा पाय लॉबीत पडला. बाद. सामना गेला. मुख्याध्यापक माझ्यावर चिडले, आणि मी तो सगळा राग त्या पोरावर काढला, सगळ्या मुलांदेखत. पुढच्या वर्षी तो दहावीत होता, पण त्याला मी संघात घेतलं नाही. "तुझं डोकं ठिकाणावर नसतं," असं म्हटलं होतं, शब्द अजून आठवतात. तरी तो रोज संध्याकाळी यायचा. फक्कीने मैदानाच्या रेषा आखून द्यायचा आणि बाजूला बसून राहायचा, आज तरी सर बोलावतील म्हणून. मला ते कळत होतं. मी बोलावलं नाही. वर्ष संपलं, शाळा सुटली, पोरगा शेतात लागला. पुन्हा खेळला नाही.

मी त्याच्याशी गामिनी खेळलो. एकदा बाद तो कायमचा बाद. खेळ संजीवनीचा होता आणि नियम मला तोंडपाठ होते.

काही वर्षांपूर्वी सिंदखेडराजाच्या स्टँडवर तो भेटला. केस पांढरे झालेले. बरोबर मुलगा होता. मला वाकून नमस्कार केला आणि मुलाला म्हणाला, "हे आमचे सर. मला कबड्डी ह्यांनी शिकवली." गाडी आली म्हणून बरं झालं, नाहीतर काय बोलावं ते मला सुचलं नसतं. तो रागावला असता तर सोपं गेलं असतं.

धीर ही काही हात बांधून बसायची गोष्ट नाही, हे मला पलटणीकडे पाहून कळलं. त्यांनी पोरांना नुसतं सोडून दिलं नाही. जाणता माणूस शेजारी उभा केला, प्रशिक्षक बदलायची वेळ आली तेव्हा बदलला, पैसा लागला तिथे ओतला. फक्त एक केलं नाही. पोराच्या एका चुकीवरून त्याचा कायमचा निकाल लावला नाही. आणि त्यांच्यासमोर तर मालक, जाहिराती, टीव्हीवर पाहणारे लाखो लोक. आमच्यासमोर कोण, तर हॉटेलावरची चार माणसं!

तर सचिवसाहेब, माझं उत्तर असं. बाहेरचा एक गडी आणा, पण खेळून मुरलेला आणि पोरांना शिकवायची तयारी असलेला. एकच. ती चार पोरं संघात राहू द्या आणि ते गावाला आधीच सांगून टाका, म्हणजे प्रत्येक सामन्यानंतर पंचायत नको. निदान तीन हंगाम. ज्याचा पाय त्या दिवशी चुकला त्यालाच पुढच्या सामन्यात पहिली चढाई द्या. वर्गणी कमी पडली तर माझ्या पेन्शनीतून थोडी घ्या. आणि संध्याकाळी रेषा आखायला माणूस लागत असेल तर मी आहे. फक्की टाकताना आता हात थोडा थरथरतो, रेष वाकडी येईल, तेवढी सांभाळून घ्या.

बराच लांबला लेख. गावाकडच्या मंडळींनी हे त्या चार पोरांना वाचून दाखवलं तरी हरकत नाही. आणि तो माझा विद्यार्थी कधी हे वाचेल की नाही ठाऊक नाही. वाचलं तर त्याने एकदा घरी यावं. चहाला.