मालिकुंडाची शपथ

आजचा विषय जरा जड आहे. घरात लहान मुलं शेजारी असतील, तर हेडफोन लावा.

एफजीएम, म्हणजे वैद्यकीय कारण नसताना मुलींच्या बाह्य जननेंद्रियाचा भाग कापणं. फायदा शून्य. तोटे मात्र भरपूर: रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लघवीचा त्रास, बाळंतपणातले धोके. युनिसेफच्या 2024च्या अंदाजानुसार जगात 23 कोटींहून जास्त मुली आणि स्त्रिया यातून गेल्या आहेत.

मग धोके सांगितले की लोक थांबत का नाहीत? कुठली आई मुद्दाम लेकीचं वाईट करेल?

उत्तर शोधायला सेनेगलला जाऊ. पश्चिम आफ्रिकेतल्या या देशात मॉली मेल्चिंग नावाची अमेरिकन बाई 1974 मध्ये आली आणि तिथलीच झाली. 1991 मध्ये तिनं 'तोस्तान' ही संस्था सुरू केली. वोलोफ भाषेत तोस्तान म्हणजे अंडं फोडून पिल्लानं बाहेर येणं. संस्थेचे वर्ग गावातच, गावच्या भाषेत भरायचे. अक्षरओळख, स्वच्छता, आरोग्य, मानवी हक्क असे विषय असायचे. 'ही प्रथा सोडा' असा हुकूम कुणी सोडला नाही. पण आपलं शरीर आणि आपले हक्क कळल्यावर, ज्यावर तोंड उघडायचं नाही त्या विषयावर बायका बोलायला लागल्या.

31 जुलै 1997. मालिकुंडा बांबारा गावच्या बायकांनी पत्रकारांसमोर जाहीर केलं, आमच्या गावात हे बंद. राष्ट्राध्यक्ष अब्दू दियूफ यांनी कौतुक केलं. पण आसपासच्या गावांतले लोक भडकले. घरातली गोष्ट अशी चव्हाट्यावर मांडायची?

इथे गोष्टीत येतात देम्बा दियावारा, केर सिंबारा गावचे इमाम. आधी त्यांचाही विरोध होता. चौकशी केल्यावर मत बदललं, पण एक गोष्ट त्यांनी बरोबर ओळखली. त्यांच्या सोयरिकी आजूबाजूच्या गावांत होत्या. एकट्या गावानं प्रथा सोडली, तर त्या गावच्या मुलींना करून कोण घेणार? म्हणून हे वयस्कर गृहस्थ पायी गावोगाव फिरले, नातेवाइकांशी बोलले. फेब्रुवारी 1998 मध्ये दियाबुगू इथे 13 गावांनी एकत्र जाहीरनामा काढला.

मी दिवसभर कोड लिहिते, त्यामुळे मला हे असं समजलं: सगळा ग्रुप ज्या ॲपवर आहे, ते एकटीनं डिलीट करून काय होणार? तुम्हीच ग्रुपबाहेर पडता. सगळ्यांनी एकाच दिवशी ॲप बदललं, तरच जमतं.

गंमत म्हणजे गेरी मॅकी या अभ्यासकानं 1996 मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. चीनमध्ये मुलींचे पाय बांधायची प्रथा शेकडो वर्षं चालली. मग 19व्या शतकाच्या अखेरीस तिथे मंडळं निघाली. सभासद शपथ घ्यायचे: लेकीचे पाय बांधणार नाही आणि बांधलेल्या पायांची सून करणार नाही. शपथेचा दुसरा भाग महत्त्वाचा, बरं का! त्यामुळे न बांधलेल्या पायांच्या मुलींना स्थळं मिळायला लागली.

जानेवारी 1999 मध्ये सेनेगलनं कायदा केला, सहा महिने ते पाच वर्षं कैद. पण प्रश्न मिटलेला नाही. अजूनही तिथल्या अनेक स्त्रियांनी हे सोसलेलं आहे. जाहीरनामा निघाला म्हणजे प्रत्येक घरानं तो पाळला, असंही नाही.

आणि हे फक्त 'तिकडचं' नाही. आपल्या मुंबईतही दाऊदी बोहरा समाजातल्या काही बायका खतन्याविरुद्ध उघडपणे बोलतायत. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा प्रश्न मोठ्या घटनापीठाकडे सोपवला.

निकाल लागेल तेव्हा लागेल. मालिकुंडानं शिकवलं ते एवढंच: भीती घालून प्रथा सुटत नाही, आणि एकट्या आईला दोष देऊनही नाही. तिच्या शेजारी आणखी दहा घरं उभी राहावी लागतात.

भेटू पुढच्या भागात.