इंजिनाच्या ठोक्याची परीक्षा

विसाव्या शतकाच्या आरंभीं मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग जालन्यावरून सुरू झाला आणि येथील कापसाच्या पेठेला दूरच्या बाजारांची वाट मोकळी झाली. सरकी काढणाऱ्या व गठ्ठे बांधणाऱ्या कारखान्यांना त्या काळीं वाफेचें बळ असे. मागाहून तेलाचीं इंजिनें आलीं. रुडॉल्फ डीझेलचें इंजिन १८९७ सालीं जर्मनींत ऑग्सबुर्ग येथें कसोटीस उतरलें होतें. पुढें साताऱ्यास कूपर यांच्या, आणि १९४६ नंतर पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर यांच्या कारखान्यांत तशीं इंजिनें तयार होऊं लागलीं, व मराठवाड्यांतील विहिरींवर त्यांचा आवाज घुमूं लागला.

यंत्राबरोबर एक नवी विद्याहि खेड्यांत आली. वाफेच्या इंजिनाच्या बहुतेक हालचाली डोळ्यांस दिसत. डीझेल इंजिनाचें अंतरंग लोखंडी पेटींत बंद असतें. म्हणून डोळ्यांचें काम कानांकडे आलें. फ्रेंच वैद्य लेनेक यानें १८१६ सालीं कागदाची सुरळी छातीवर ठेवून हृदयाचे ठोके ऐकले. मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचें टोंक इंजिनाला टेकवून मूठ कानाशीं धरतो.

या विद्येची खरी कसोटी लागते ती इंजिन पुरतें खोलून पुन्हां जुळविल्यावर. बेअरिंग नवें, दट्ट्या नवा, तरी चालू करतांच ठोका उमटतो. मोसंबीची बाग पाण्यावांचून सुकत असते, त्यामुळें इंजिन बंद ठेवणें जिवावर येतें. पण बेअरिंगच सैल असेल, तर तसेंच चालविल्यानें क्रँकशाफ्ट निकामी होतो.

अशा वेळीं जाणता मिस्त्री हत्यार उचलण्यापूर्वीं प्रश्न विचारतो. आवाज फेऱ्यांच्या निम्म्या गतीनें येणारी हलकी टिकटिक आहे काय? असल्यास संशय झडपांच्या यंत्रणेवर जातो, कारण चार-धांवी इंजिनांत दोन फेऱ्यांत प्रत्येक झडप एकदांच उघडते. थंडपणीं खडखडणारा आवाज तापल्यावर मावळतो काय? मग दट्ट्या नळकांड्यांत सैल असावा. उष्णतेनें तो फुगतो व फट कमी होते. उलट तेल तापून पातळ झाल्यावर ठोका अधिक स्पष्ट झाला, तर बेअरिंगची शंका बळावते. क्षणभर इंधन तोडतांच आवाज साफ थांबला, तर इंधन वेळेआधीं फवारलें जात नाहीं ना, हें पाहावें लागतें.

सर्वांत फसवा ठोका मात्र बाहेरच असतो. जड चाकाची पाचर जुळणींत नीट बसली नाहीं, तर चाक क्रँकशाफ्टवर किंचित् हलतें आणि हुबेहूब बेअरिंगसारखें वाजतें. ती पाचर न तपासतां इंजिन पुन्हां खोललें, तर चांगलें बेअरिंग विनाकारण उखडलें जातें. बांधणीपूर्वीं आवाज नव्हता. म्हणून ज्या भागाला हात लागला, त्यांतला बाहेरून तपासतां येईल तो आधीं पाहावा, हाच या विद्येचा मुख्य नियम.

१ मे १९८१ रोजीं जालना स्वतंत्र जिल्हा झाला. आज तो पोलाद व बियाणें यांसाठीं ओळखला जातो, आणि मोठ्या कारखान्यांत यंत्रांचीं कंपनें मोजणारीं उपकरणें आलीं आहेत. तीं आंकडे देतात. त्या आंकड्यांना विचारावयाचे प्रश्न अजून तेच आहेत.